उचलणावळ

मागच्या बुधवारी नागपुरात माझी मोटरसायकल उचलून नेली. त्याचं एवढं नाही, शहरात गाड्या उचलल्या जातातच. पण ती ट्रकात चढवायला आमच्याच मोठेबाबांनी हात लावला, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मोठेबाबांच्या कानातल्या मशीनचे सेल संपले होते. कारंजा घाडग्याला दोन दुकानं पाहिली, मिळाले नाहीत. म्हणून त्यांना मागे बसवलं आणि कोंढाळी, बाजारगाव, वाडी करत सीताबर्डी गाठली. एका गल्लीत दहा-बारा मोटरसायकली ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्या शेपटाला आपली लावली आणि म्हटलं, "इथंच थांबा, गाडीवर ध्यान ठेवा." त्यांना ऐकू आलं नाही, पण मान हलवली.

सात मिनिटांनी परत आलो तर मोठेबाबा होते, गाडी नव्हती. त्यांच्या हातात माझं हेल्मेट, खांद्याला थैली आणि चेहऱ्यावर कुणाची तरी चिखलात फसलेली बैलबंडी काढून दिल्याचं समाधान.

"गाडी?" मी हातवारे करून विचारलं.

"गेली."

"कुठं?"

"ट्रकात. दोन पोट्टे होते बिचारे, नुसते हाडाचे सापळे. त्यायच्यानं उचलेचना. मंग म्या मागून जोर लावला."

मी तिथंच फुटपाथवर पाकीट फोडून त्यांच्या मशीनमध्ये नवा सेल टाकला. वडीलधाऱ्या माणसाला शिव्या देता येत नाहीत, पण आपला आवाज चढलाय एवढं तरी समोरच्याला कळायला हवं.

"तुमी काहून हात लावला?"

"मले वाटलं, तूच पाठवले. तू दुकानात गेला, हे पोट्टे आले. म्हटलं सर्विसिंगले नेत असन."

त्या ट्रकावर भोंगा होता म्हणे. गाडीचे नंबर पुकारत होता. पानठेलेवाल्यानं सांगितलं की 'एमएच बत्तीस' अख्ख्या गल्लीनं ऐकलं, चार गाडीवाले धावत आले आणि आपापल्या गाड्या काढून पसार झाले. आमचा माणूस गाडीला टेकून उभा, आणि त्यालाच काही ऐकू येत नव्हतं. ऐकायच्या मशीनचे सेल घ्यायला आलेल्या माणसाला भोंग्यानं नोटीस देणं, याला काय म्हणावं?

पाटी होती, नाही असं नाही. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. पण तिच्यावर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर ताणलेलं होतं. त्यामुळं भाऊंचा गॉगल दिसत होता, तारीख दिसत नव्हती. (आणि एकतीसनंतर एक येते, दोन्ही विषम. त्या दोन दिवशी काय करायचं हे पोळा-अमावास्या बोटावर मोजणाऱ्या आमच्या मोठेबाबांनाही सांगता आलं नाही.)

ऑटोवाल्यानं आमच्या हातातलं हेल्मेट पाहिलं आणि "गाडी उठली का भाऊ?" म्हणत मीटर न टाकता शंभर सांगितले. मी विचारलं, "मंग लावाची तरी कुठं?" तो म्हणाला, "तुमच्या गावाले." झिरो माइलजवळून ऑटो गेला तेव्हा तिथले दगडी खांबाभोवतीचे चार घोडे मोठेबाबांनी निरखून पाहिले. "हे चार इतक्या वर्सापासून इथंच उभे हायेत," ते म्हणाले. "यायले नाही उचलत कोनी?"

मोठेबाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते आणि कोंडवाड्याची किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याच करगोट्याला होती. त्यामुळं उचललेल्या गाड्यांचं मैदान पाहताच त्यांना सगळं उमगलं. तारेचं कुंपण, एकच फाटक, आत अंगाला अंग लावून उभ्या मुक्या गाड्या आणि बाहेर ओशाळलेले मालक.

"हा तं कोंडवाडा होय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम असा सरकारी जोर आला की मी मुकाट्यानं बाजूला सरकलो.

खिडकीत एक तरुण मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

"कोनाच्या वावरात शिरली आमची?"

"काय?"

"नुस्कान कोनाचं केलं? जनावर कोंडाले आनलं का कोनाचं पीक खाल्लं ते लिहा लागते."

"नो पार्किंग हाये बाबाजी. पाचशे रुपये. अन् उचलायचे वेगळे."

"उचलनावळ?" मोठेबाबा खिडकीत आणखी वाकले. "उचलली तं म्या."

तरुणानं पहिल्यांदा मान वर केली.

"विचारा त्या पोट्ट्यायले. मागचं चाक माह्या हातात होतं. हिशेबानं त्यातला तिसरा हिस्सा मले भेटाले पायजे."

"तसं नसते बाबाजी."

"बरं, चारापानी काय केलं?"

"कोनाचं?"

"गाडीचं. आमी ढोर कोंडलं तं पह्यले कडबा टाकत होतो, पानी दाखवत होतो, मंग पैशाचं बोलत होतो. तुमी पेट्रोल टाकलं काय?"

रांगेतले लोक हसायला लागले. मीही हसलो असतो, पण पाकीट माझं होतं. शिवाय म्हाताऱ्याचा मुद्दा खोटा नव्हता. गुरं कोंडायचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला आणि कोंडलेल्या जनावराच्या खाण्यापिण्याची जबाबदारी कोंडवाडा सांभाळणाऱ्यावर टाकली. खर्च मालकाकडूनच वसूल करत, पण जनावर उपाशी राहत नसे. मोटारींचा कायदा १९८८चा. २०१९च्या दुरुस्तीत त्यातला १०० रुपयांचा किरकोळ दंड ५०० झाला, दुसऱ्यांदा सापडलात तर १५००. म्हणजे पुढच्या वेळी मोठेबाबांना घरी ठेवून जायला हवं.

पैसे भरले. गाडी बाहेर आली तेव्हा डावा आरसा मुळापासून गायब होता. मोठेबाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"दोन शिंगं घेऊन आलती," ते खिडकीकडे पाहून म्हणाले, "एकच घेऊन चालली. आमच्या कोंडवाड्यात असं नव्हतं बाप्पा."

तरुण म्हणाला, तक्रार असेल तर अर्ज द्या. कुठं द्यायचा ते त्यालाही माहीत नव्हतं.

मला खरा राग कशाचा आला सांगतो. हेल्मेट विसरल्यासारखं करून मी परत त्या गल्लीतून गाडी काढली, मुद्दाम. आमच्या ओळीच्या टोकाला झेंडा लावलेली एक पांढरी जीप सकाळी उभी होती. ती संध्याकाळीही तिथंच उभी होती. तिच्या टपावर कुत्रं झोपलं होतं. जीप उचलायला क्रेन लागते, दुचाकीला दोन पोट्टे आणि आमचे मोठेबाबा पुरतात. दीडशे किलोमीटरचं पेट्रोल, दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस, गावाकडचा नंबर, तोंडात "साहेब, साहेब" अशी भाषा. असा माल उचलायला हलका पडतो.

कोंढाळीला चहाला थांबलो. मी बोलत नव्हतो. मोठेबाबांना आता सगळं लख्ख ऐकू येत असल्यामुळं माझं न बोलणंही त्यांना ऐकू येत असावं. थोड्या वेळानं त्यांनी बंडीच्या खिशातून पन्नी काढली आणि तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागले.

"हा कुठून आनला?"

"त्या पोट्ट्यायनं देल्ला. गाडी चढवून देल्ली नं त्याइले." पन्नीला गाठ मारत ते म्हणाले, "मी नाही म्हनत होतो. पन कोनाची मजुरी ठेवू नये म्हने."

मी खर्रा सोडून आठ महिने झाले होते. हात पुढे केला आणि अर्धा मागून घेतला.