‘असणाऱ्या’ आणि ‘असणार्‍या’ यांतला फरक ओळखा

काम फक्त एका वेलांटीचं होतं. साताऱ्याकडच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो, तिचे चेअरमन म्हणजे रिटायर्ड मराठीचे सर, आणि त्यांनी लेखी कळवलं की थकबाकीच्या नोटिशीत ‘त्वरीत’ असं दीर्घ पडतंय, ते ‘त्वरित’ असं ऱ्हस्व करावं. आमच्या मॅनेजरने एस्टिमेट लिहिलं, १५ मिनिटं. ‘सर्च करून बदलायचंय फक्त’ म्हणे. हे ‘फक्त’ म्हणणाऱ्याला एकदा सहा लाख ओळींच्या कोडसमोर बसवून बाहेरून कडी लावली पाहिजे.

नेमकं त्याच दिवशी दुसऱ्या कामाला तिथे गेलो होतो, म्हणून कॅशियर काकांच्या शेजारच्या खुर्चीतच लॅपटॉप उघडला. सरांच्या पत्रातलं वाक्य कॉपी केलं, ‘थकबाकी असणाऱ्या सभासदाने त्वरित हप्ता भरावा, अन्यथा कार्यवाही केली जाईल’, आणि शोधलं. शून्य. मग लक्षात आलं, सरांनी पत्रात शब्द आधीच सुधारून लिहिलाय! मराठीच्या मास्तरांकडून चुकीचा नमुना कसा मिळणार. म्हणून वाक्य मागून कापत आलो, शेवटी ‘थकबाकी असणाऱ्या’ एवढंच उरलं. तरी शून्य. नुसतं ‘थकबाकी’ टाकलं तर २,३१६ ठिकाणी, कारण पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं असतं काय.

मग शंका आली की टूलच फाईल गाळतंय. मी कोडमध्ये शब्द शोधायला रिपग्रेप नावाचं टूल वापरतो, ते गिटइग्नोअर म्हणजे ‘या फाईली धरू नका’ अशा यादीत लिहिलेल्या फाईली आपणहून सोडून देतं, आणि सोडल्या म्हणून एका शब्दाने सांगत नाही. ते बंद करून पाहिलं, मग साध्या ग्रेपने, म्हणजे शोधायच्या जुन्या टूलने पाहिलं. हे ग्रेप केन थॉम्पसनने १९७३ च्या सुमारास लिहिलं, नावसुद्धा ‘एड’ नावाच्या एडिटरच्या एका कमांडवरून पडलंय, आणि पन्नास वर्षांनंतर आम्ही सगळे मेंटेनन्सवाले त्याच्यावरच पोट भरतोय. कोणी लिहिलं ते बघावं म्हणून गिटची हिस्टरी, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही काढली, तर २०१४ साली कोणीतरी सगळं कोड जुन्या डिस्कवरून एका झटक्यात ओतलंय. त्याआधीच्या पिढ्यांची नोंद नाही. वंशावळ पुरात वाहून गेल्यासारखी.

दीड तास झाला. काका नोटा मोजत होते आणि दर बंडलाला माझ्या स्क्रीनकडे बघत होते.

“सापडंना व्हय, साहेब?”

“सापडेल काका. कोड मोठंय.”

“स्क्रीनवर तर दिसतंय की.”

“दिसतंय, पण कुठून येतंय ते कळत नाही.”

“आं.” एक बंडल मोजून झालं. रबर लावला. “तुम्ही काय टाकून शोधताय?”

मी वाक्य दाखवलं. काका चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे असं बघायला लागले की मी विड्रॉलची स्लिप इंग्रजीत भरलीय.

“पूर्ण नाव कशाला इचारताय? पूर्ण नावानं आजपातूर खातं सापडलंय का कुणाचं? माणूस शांताराम सांगतो, खातं शांतराम म्हणून असतंय. मी पूर्ण नाव इचारतच नाही. आडनाव इचारतो आन् गाव. तुम्ही मधलं कायतरी टाका.”

“काका, हे खातं नाहीये...”

“टाका तर. ‘सभासदाने’ टाका.”

टाकलं, केवळ त्यांचं समाधान व्हावं म्हणून. नऊ ठिकाणी सापडलं. तिसरंच आमचं वाक्य होतं.

मला या धंद्यात चौदा वर्षं झालीत, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण तिथे सांगायची हिंमत झाली नाही.

बरं, ओळ तर समोर, ‘थकबाकी असणार्‍या सभासदाने त्वरीत’. अक्षरन् अक्षर तेच! मग बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे काढून बघितले तेव्हा प्रकाश पडला. आपला हा ऱ्या आहे ना, तो दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीतला वेगळा ‘ऱ’. दुसरा साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. तिसरा साधा र, पाय मोडायचा आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. नॉर्मलाइझ केलं, म्हणजे एका साच्यात आणलं, तर पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. सरांनी पत्रात पहिला वापरला होता, कोडमध्ये तिसरा होता, आणि मी वाक्य कापताना नेमका तोच शब्द सांभाळून ठेवला होता. इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या नशिबी हे नसतं, आणि आम्ही ऑफिसात सांगायला गेलो की ‘युनिकोड आहे ना, मग काय प्रॉब्लेम’.

काकांना समजावलं. “म्हंजे दिसतो एक आन् असतो दुसरा,” ते म्हणाले. “असले कर्जदार हायत आपल्याकडं.”

वेलांटी बदलली, स्क्रीनवर ‘त्वरित’ आलं. प्रिंट काढली, त्यात ‘त्वरीत’. छापायची नोटीस वेगळ्या फाईलमध्ये, आणि ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा नुसता चिवडा, तो फॉन्ट लावला की मगच मराठी दिसणार. त्यात मराठी शब्द शोधणार कसा? मी कपाळाला हात लावला.

काकांनी खुर्ची ओढली. डोळे मिटले आणि टेबलावर बोटं आपटायला लागले. मला वाटलं बीपी वाढलं.

“मराठी टायपिंग ३० ची परीक्षा दिलीया मी. ह्यो फॉन्ट टाइपरायटरच्याच चालीवर हाय, साहेब. ‘त्वरीत’ला बोटं कुठं जात्यात ते बघतो.” मग डोळे उघडून त्यांनी स्क्रीनवरच्या चिवड्यावर बोट फिरवलं, मोडीतला कागद वाचावा तसं, ओळीमागून ओळ. “हितं. ह्यो हाय तुमचा त्वरीत. आन् त्याच्या खाली ऑफिसची वेळ पण जुनीच हाय, तीबी करून टाका.”

केली. करणार काय. टाइमशीटमध्ये चार तास भरले, मॅनेजरचा लगेच फोन, एका वेलांटीला चार तास? मी त्याला काकांचं सांगितलं नाही.

निघताना सर आले. प्रिंट हातात घेतली, चष्म्यातून पाहिली, ‘छान, छान’ म्हणाले आणि खिशातून लाल पेन काढलं.

“‘कार्यवाही’ नको, ‘कारवाई’ हवं. कार्यवाही म्हणजे कामकाज. आपल्याला कामकाज करायचं नाही, वसुली करायचीय. हे जरा सगळीकडे बदलून घ्या.”

“सगळीकडे, सर?”

“सगळीकडे. सर्चच करायचंय ना फक्त?”

काकांनी कॅशचं ड्रॉवर बंद केलं आणि डोळे मिटले. टेबलावर बोटं चालू.