वारंवार गर्भपातानंतर डॉक्टर की मिडवाइफ?

लागोपाठ गर्भपात झालेल्या बाईला पुन्हा दिवस गेले की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं, आता काही जोखीम नको, मोठ्यातला मोठा डॉक्टर गाठ. कुणी म्हणतं, डॉक्टरांनीच तुला घाबरवून सोडलंय, एखादी चांगली मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, बघ. मी यातून गेले आहे, त्यामुळे ठामपणे लिहिते. हा निर्णय भीतीवर सोडू नका, आधीचे गर्भ का टिकले नाहीत यावरून घ्या. आणि ते शोधायचं काम डॉक्टरांचंच आहे, तेही शक्यतो पुन्हा दिवस जाण्याआधी.

आधी का, तर काही तपासण्यांना वेळ लागतो. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचंच बघा. यात रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि गर्भ टिकत नाही. पण एकदा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून निदान होत नाही, किमान 12 आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी लागते. पोटात गर्भ असताना एवढी वाट कोण बघणार? शिवाय थायरॉइड, साखर, गर्भाशयात पडदा आहे का, नवराबायकोपैकी कुणाच्या क्रोमोझोममध्ये अदलाबदल आहे का, हेही असतं. (हो, नवऱ्याचीही तपासणी. सगळ्या सुया बाईलाच का?) ‘ईश्रे’ ही युरोपातली संस्था दोन गर्भपातांना वारंवार गर्भपात मानते, ब्रिटनची व्याख्या मात्र तीनची आहे. तपासणीसाठी एखादीला तिसऱ्याची वाट बघायला लावणं मला क्रूर वाटतं.

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम निघाला, तर कमी डोसची ॲस्पिरिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचं रोजचं इंजेक्शन आलं. पुढे रक्तदाब चढणं, बाळाची वाढ खुंटणं हे धोकेही असतात. अशा वेळी डॉक्टर शेवटपर्यंत हवेतच. सोबतीला मिडवाइफ जरूर असावी, पण डॉक्टरांऐवजी तीच, हा आग्रह मला पटत नाही.

खरा प्रश्न उरतो तो जवळजवळ निम्म्या जोडप्यांचा, ज्यांच्या तपासण्यांत काहीच सापडत नाही. फाइलवर ‘हाय रिस्क’ लिहिलं जातं आणि ते नऊ महिने पुसलं जात नाही. दर वेळी खुर्चीत नवा चेहरा. तो फाइल उघडतो आणि मान वर न करता विचारतो, ‘ही कितवी खेप?’ आपण पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. कुठला गर्भ कितव्या आठवड्यात गेला, क्युरेटिंग झालं की आपोआप पडलं. सांगून होईपर्यंत वेळ संपलेली असते आणि आपण विचारायला आणलेला प्रश्न पर्समध्येच राहतो. एकच मिडवाइफ सुरुवातीपासून असली की हे सांगणं एकदाच होतं. बाकी काही धोका नसेल आणि पहिले तीन महिने सुखरूप पार पडले असतील, तर अशा बाईनं नेहमीची देखभाल मिडवाइफकडे घेऊ नये, असं कुठलंही कारण मला दिसत नाही.

याच्या बाजूनं नॉर्वेतल्या 1984च्या एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. जवळून, मायेनं देखभाल झालेल्या बायकांपैकी 86 टक्क्यांची गर्भारपणं पार पडली, इतरांपैकी फक्त 33 टक्क्यांची. आकडे भुरळ घालणारे आहेत, पण अभ्यास छोटा होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे ‘मायेनं गर्भ टिकतो’ असं मी कुणाला सांगणार नाही. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या बाईला ते आणखी एक ओझं होतं. माया हवी, कारण ते दिवस काढायचे असतात.

मिडवाइफ निवडताना मात्र एक गोष्ट आधी पक्की करा: रक्तस्राव दिसला तर त्याच दिवशी सोनोग्राफी कोण करेल आणि औषध कोण लिहून देईल? 2015च्या ‘प्रॉमिस’ या औषधाच्या चाचणीत कारण न सापडलेल्या बायकांना सरसकट प्रोजेस्टेरॉन (गर्भारपणाला आधार देणारं हार्मोन) देऊन फायदा दिसला नाही. पण 2019च्या ‘प्रिझम’ या दुसऱ्या चाचणीत, आधी गर्भपात झालेले आणि आता सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होतोय, अशा बायकांमध्ये फायद्याची चिन्हं दिसली. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं 2021मध्ये अशांसाठी ते सुचवलंही. म्हणजे त्या वेळी ‘थोडी वाट बघू’ म्हणणारी मिडवाइफ उपयोगाची नाही. तिच्या फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर हवा, आणि त्या डॉक्टरांना तुमचं नाव आधीपासून माहीत हवं.