खुलासा: .३२ ची काडतुसं घरी भरण्याचा मेसेज चुकीचा आहे

मंडळी, इंदूरच्या आपल्या ग्रुपांवर फिरतंय की रिव्हॉल्व्हरचा परवाना असला की .३२ ची (हे गोळीच्या जाडीचं माप) रिकामी काडतुसं घरीच भरता येतात, दारू .३२७ मॅग्नम या जास्त दाबाच्या काडतुसाच्या मापाची घ्यावी. परवा मीही तो पुढे ढकलला. चूक माझीच.

काल शस्त्र कायदा, १९५९ काढून वाचला. कलम ३ चा परवाना शस्त्र बाळगण्याचा. दारूगोळा बनवणं कलम ५ खाली येतं. विनापरवाना बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद.

मापाचं तर त्याहून भयंकर. अमेरिकेत २००८ साली आलेल्या .३२७ फेडरल मॅग्नमचा कमाल दाब ४५,००० पीएसआय (दाब मोजायचं एकक), आपल्याकडच्या .३२ काडतुसाचा, म्हणजे .३२ लाँगचा, १५,०००. तिप्पट! रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) हातातच फुटू शकतो. (गोळीची जाडी जवळपास सारखी, गल्लत त्यातूनच झाली असावी.)

मेसेज काढून टाका. पुढे पाठवला असेल, तर तिथंही हे कळवा.