नावातच सगळं कोंबा म्हणे!

स्टोरेज ॲडमिन, म्हणजे कंपनीचा डेटा साठवणारी यंत्रणा सांभाळणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'कस्टम ॲट्रिब्यूट भरणं म्हणजे रिकामटेकडा उद्योग. विभाग, मालक, प्रॉडक्शन की टेस्ट, सगळं व्हॉल्यूमच्या नावातच घाला आणि रिपोर्ट नावावरून फिल्टर करा. ॲट्रिब्यूटमुळे ॲरे मंदावतो. आणि कुठल्याच विभागाच्या फिल्टरमध्ये जे येत नाही ते बेवारस, खुशाल उडवा.' (व्हॉल्यूम म्हणजे साठवणुकीचा एक कप्पा, ॲरे म्हणजे असे कप्पे असलेली डिस्कची पेटी, आणि कस्टम ॲट्रिब्यूट म्हणजे रिपोर्टमध्ये कप्प्यापुढे आपण जोडलेला विभाग, मालक असा रकाना.) मी दुर्लक्षच करणार होतो. पण आमच्या टीममधल्या नव्या पोराने याच हिशेबाने डिलीटची यादी करून मंजुरीला पाठवली.

ॲरे मंदावण्याची भीती सोडा. रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं ॲट्रिब्यूट त्याच्याच डेटाबेसात राहतं, डिस्कच्या वाचन-लेखनाच्या वाटेत येतच नाही.

आता नाव. अझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या स्टोरेज अकाउंटचं नाव ३ ते २४ अक्षरांचं, त्यात फक्त स्मॉल इंग्रजी अक्षरं आणि अंक. हायफन नाही, अंडरस्कोर नाही, आणि एकदा ठेवलं की बदलता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये आहे हे. कोंबा त्यात विभाग आणि मालक! मालक बदलला की काय, नवं अकाउंट काढून डेटा हलवायचा? त्याच अकाउंटला ५० टॅग, म्हणजे ॲट्रिब्यूटसारख्याच चिठ्ठ्या, लावता येतात, हवे तेव्हा बदलता येतात. शिवाय नावात 'एफआयएन' शोधलंत तर फायनान्सबरोबर कुणाचा 'फायनल बॅकअप'ही गळाला लागतो.

पण खरा घात शेवटच्या वाक्यात आहे. ॲट्रिब्यूट रिकामं आहे याचा अर्थ एवढाच की ते कुणी भरलेलं नाही. त्या पोराच्या यादीत एक व्हॉल्यूम होता: विभाग कोरा, मालक कोरा, आणि रोज रात्री त्यावर बॅकअप लिहिला जातोय. आयओचा, म्हणजे वाचन-लेखनाचा, कॉलम त्याच रिपोर्टमध्ये होता, नुसता उघडायचा बाकी होता. त्यात एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची, खोच वेगळीच. 'विभाग टेस्ट नाही' असा फिल्टर लावला की टेस्ट सोडून सगळं येईल असं वाटतं. प्रत्यक्षात विभाग नल (काहीच न भरलेला) असलेल्या ओळीही गळतात, कारण नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी. 'किंवा विभाग नल' अशी अट जोडल्याशिवाय त्या दिसणार नाहीत, आणि कपॅसिटीची बेरीजही जुळणार नाही. म्हणून कोऱ्यांचा रिपोर्ट वेगळा काढा, कुठल्या होस्टला (सर्व्हरला) मॅप, म्हणजे जोडलेला, आहे ते बघा, शेवटचा आयओ बघा, विचारा. तरीही कुणी वाली सापडला नाही तर आधी अनमॅप करून थांबा. डिलीट त्यानंतर.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य: ॲट्रिब्यूट शिळी होतात. एकाने 'फायनान्स' लिहायचं, दुसऱ्याने 'फिन', तिसऱ्याने 'वित्त', आणि फिल्टरला तिन्ही वेगळे. अझ्युअरमध्ये तर टॅगमध्ये भरलेल्या व्हॅल्यूत कॅपिटल-स्मॉलचाही फरक धरला जातो, आणि रिसोर्स ग्रुपचे टॅग आतल्या रिसोर्सवर आपोआप उतरत नाहीत. पण मोकळा रकाना काढून ठरलेल्या पर्यायांची ड्रॉपडाऊन दिली आणि व्हॉल्यूम बनवतानाच ती सक्तीची केली, की स्पेलिंगचा घोळ मिटतो. मालक बदलल्याची नोंद कुणाला तरी करावीच लागणार. अझ्युअरच्या अकाउंटच्या नावात तर ती होतच नाही.