मलाक्काचे चाचे आणि आमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे मलाक्काच्या सामुद्रधुनीत (मलेशिया आणि इंडोनेशियाचं सुमात्रा बेट यांच्यामधला चिंचोळा समुद्र) हजार वर्षं चाचेगिरी चालते, कारण ती तिथल्या लोकांच्या रक्तातच आहे. सोमालियासारखीच तिथेही खंडणी उकळतात. आणि चार युद्धनौका पाठवल्या तर महिन्यात सगळं मिटेल. खाली अंगठ्यांची रांग. त्या पट्ट्यातून जहाजावर माझी बावीस वर्षं ये-जा झाली, म्हणून अंगठ्याऐवजी हे लिहितोय.

आधी रक्ताचं बघू. तिथल्या ओरांग लाउत, म्हणजे ‘दर्याची माणसं’, यांच्या होड्या म्हणजेच मलाक्काच्या आणि पुढे जोहोरच्या सुलतानांचं आरमार. 1699 मध्ये जोहोरच्या सुलतान महमूदचा खून झाला, धनी गेला, आणि बरेच जण स्वतःच्या हिमतीवर लुटायला लागले. आपल्याला हे उमगायला हरकत नसावी. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, जहाजांना दस्तकं द्यायचे. इंग्रजांच्या लेखी मात्र चाचे. रक्ताचाच न्याय लावायचा तर अलिबागकरांनाही लावा!

शिवाय आकडे बघा. 1997 चं आर्थिक संकट, 1998 ला इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची गच्छंती, तिथला कामधंदा बसलेला. 2000 साली एकट्या मलाक्का सामुद्रधुनीत 75 हल्ले नोंदले गेले. 2004 मध्ये 38, 2008 मध्ये फक्त 2. रक्त काही चार वर्षांत पातळ होत नाही. मधल्या काळात इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर या तीन देशांची गस्त सुरू झाली, सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचे प्रांतातल्या बंडखोरांशी 2005 ला समझोता झाला, आणि लंडनच्या विमावाल्यांनी हा पट्टा युद्धजोखमीच्या यादीत टाकल्यावर सगळेच खडबडून जागे झाले.

खंडणीचं म्हणाल तर आचेच्या बाजूला तेव्हा खलाशी पळवले जायचे, हे खरं. पण आज बहुतेक प्रकार भुरट्या चोरीचे. एकदा पहाटे तीनच्या सुमाराला, सिंगापूरजवळच्या चिंचोळ्या फिलिप चॅनलमध्ये, बोसनने (खलाशांच्या मुकादमाने) वॉकी-टॉकीवर मागे बोलावलं. पूप डेकवर, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाच्या डेकवर, अनवाणी ओली पावलं, कठड्याला हूक बांधलेला बांबू, आणि स्टोअरचं कुलूप कापलेलं. जनरेटरचे नॉझल आणि बेअरिंग गायब. जहाजावरच्या कुणालाही माणूस दिसला नाही.

राहिल्या युद्धनौका. तिथे चिंचोळ्या जागी पाणी जेमतेम तीन किलोमीटर रुंद. आंतरराष्ट्रीय कायद्यात चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रातली. इथे सगळं पाणी कुणाच्या ना कुणाच्या हद्दीतलं, म्हणून कागदावर हा साधा सशस्त्र दरोडा. चोराची होडी काही मिनिटांत पलीकडच्या देशाच्या पाण्यात जाते आणि पाठलाग करणाऱ्याला हद्दीवर थांबावं लागतं. ही वाटणी मुळात 1824 च्या इंग्रज-डच तहातली: सिंगापूरच्या दक्षिणेची बेटं (आज इंडोनेशियाची) डचांना, मलाया इंग्रजांना. त्याच तहात दोघांनी चाच्यांचा बंदोबस्त करायचंही कबूल केलं होतं, हा त्यातला विनोद.

बरं, पकडल्यावर तरी काय? 1999 मध्ये इंडोनेशियातून अ‍ॅल्युमिनियम घेऊन निघालेलं ‘आलोंद्रा रेनबो’ पळवलं गेलं. नाव पुसून ‘मेगा रामा’ रंगवलं होतं. आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते अरबी समुद्रात पकडून मुंबईला आणलं. 2003 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, 2005 मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. आपल्याकडे चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. तो झाला 2022 मध्ये. युद्धनौका कमी पडली नव्हती.

2024 मध्ये मलाक्का आणि सिंगापूर सामुद्रधुन्यांत मिळून 62 घटना नोंदल्या गेल्या. आमच्या विंगमधला एक मुलगा पुढच्या महिन्यात कॅडेट म्हणून जॉइन होतोय. त्याला सांगितलंय, सिंगापूर जवळ आलं की स्टिअरिंग गिअर रूमचं (जहाजाच्या मागच्या टोकाला, सुकाणूची यंत्रं असतात त्या खोलीचं) दार आतून बंद आहे ना, ते स्वतः जाऊन बघ.