हर्शी बेअर्स म्हणजे नुसती चॉकलेटची जाहिरात? एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

साहेब, तुमची कमेंट नीट वाचली. कमेंटच्या खोक्यात उत्तर मावेना म्हणून इथे वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या लेखात मी अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या हर्शी बेअर्स या आइस हॉकी टीमची सुरुवातीची गोष्ट लिहिली होती, १९३६ च्या डिसेंबरात त्यांचं नवं स्टेडियम उघडलं तिथपर्यंत. त्यावर यांचं म्हणणं असं की एक तर ही टीम म्हणजे चॉकलेट कंपनीची चालतीबोलती जाहिरात, तिला कसला आलाय इतिहास. दुसरं, दुय्यम लीगचे तेरा कप म्हणजे रणजी जिंकून वर्ल्ड कप जिंकल्याचा आव आणणं, आणि तेही वरच्या लीगमधल्या वॉशिंग्टनच्या टीमने धाडलेल्या उसन्या पोरांच्या जिवावर. तिसरं, मी चॉकलेट कंपनी काढणाऱ्या मिल्टन हर्शीची आरती ओवाळली आणि त्याच्या कारखान्यातला १९३७ चा संप गाळला. आणि जाता जाता "टेडी बेअर फेकणाऱ्या पब्लिकचं कौतुक पुरे" असा एक चिमटा.

जाहिरातीचं आधी घेतो कारण ते सोपं आहे. होय, होती जाहिरात. १९३२ मध्ये टीम उभी राहिली तेव्हा नावच चॉकलेटच्या बारवरून ठेवलं होतं, हर्शी बार्स, आणि शेवटी न्यूयॉर्कच्या क्रीडा पत्रकारांनी बोंब मारली की हे फारच दुकानदारी नाव झालं, तेव्हा कुठे १९३६ मध्ये त्याचं बेअर्स केलं. यात लपवण्यासारखं कुणी काही ठेवलेलंच नव्हतं. पण नुसती जाहिरातच करायची तर त्यासाठी कुणी सात हजारांवर खुर्च्यांचं स्टेडियम बांधत नाही हो, आणि तेही अशा गावात जिथे तेव्हा तेवढी माणसंसुद्धा राहत नव्हती! महामंदी चालू होती, लोकांच्या हाताला काम नव्हतं, आणि मिल्टन हर्शीने हॉटेल, कम्युनिटी बिल्डिंग, शाळेची इमारत, स्टेडियम अशी एकामागून एक बांधकामं काढली. त्यात दानत होती तशी हिशेबी अक्कलही होती, मंदीत सिमेंट स्वस्त आणि मजुरीही स्वस्त. स्टेडियमचं छत अँटन टेडेस्को नावाच्या इंजिनियरने पातळ काँक्रीटच्या कवचाचं केलं, जाडी साडेतीन इंच, मध्ये एकही खांब नाही, दोनशे फुटांहून जास्त रुंदी झाकलेली, आणि बांधायला बरीचशी गावातलीच माणसं. अमेरिकेत एवढं मोठं असं छत आधी झालेलं नव्हतं. ते अजून उभं आहे. १९६२ मध्ये विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका मॅचमध्ये शंभर पॉइंट केले ते याच छताखाली, बघायला चार हजार माणसं. हॉकीवाल्यांना याचा थोडा रागच येतो की एवढ्या वर्षांच्या हॉकीत जग त्या इमारतीला ओळखतं ते बास्केटबॉलमुळे.

आता रणजीचं, खरं तर मला यावरच बोलायचंय. तुलना ऐकायला बरी वाटते पण बसत नाही, कारण रणजीची टीम ही त्या त्या राज्याची असते, मुंबईचा पोरगा मुंबईकडून खेळतो आणि मोठा झाला तरी बहुधा मुंबईचाच राहतो. अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल, तशी नाहीच. तिच्या ३२ टीम आणि वरच्या एनएचएलच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, ३२ टीम, प्रत्येकीची एकेकीशी जोडी लावलेली. खालच्या टीममधल्या बऱ्याच पोरांचा करार वरच्या टीमशी असतो, पगार वरून येतो, आणि वर कुणाचा गुडघा दुखावला की इथला सगळ्यात चांगला फॉरवर्ड सकाळी बॅग भरून निघून जातो, मग तुमची प्लेऑफची मॅच असो नाहीतर काही असो. नियमसुद्धा असा की एका मॅचला गोलकीपर सोडून जे १८ खेळाडू उतरतात त्यातले किमान १३ हे करियरच्या सुरुवातीचे, शिकाऊ म्हणावेत असे हवेत. एएचएल स्वतःच अभिमानाने सांगते की एनएचएलमधले जवळजवळ नव्वद टक्के खेळाडू आमच्याकडून गेलेत. थोडक्यात, तुम्ही म्हणता तसं "उसनी पोरं" हे हर्शीचं वैगुण्य नाही, ती लीगच तशी आहे, सगळ्यांची पोरं उसनी.

मग प्रश्न असा उरतो की पोरं सगळ्यांचीच उसनी असतील तर तेरा कप एकाच छोट्या गावात कसे गेले?

वॉशिंग्टनचं म्हणाल तर एनएचएलच्या वॉशिंग्टन कॅपिटल्सशी आताची जोडी जमली २००५ मध्ये, त्याआधी १९७७ ते १९८४ एवढीच एकदा होती. त्याआधीचे कप बघा: १९४७, १९५८, १९५९, १९६९, १९७४, १९८०, १९८८, १९९७. त्यातला १९८० चा सोडला तर वॉशिंग्टनचा काय संबंध? या काळात कधी बॉस्टन, कधी पिट्सबर्ग, कधी बफेलो, कधी फिलाडेल्फिया, कधी कोलोरॅडो अशा वरच्या टीम बदलत गेल्या. १९९६ ची गंमत तर मला फार आवडते. बारा वर्षं फिलाडेल्फिया फ्लायर्सची पोरं हर्शीला खेळत होती, मग फ्लायर्सने आपल्याच शहरात फँटम्स नावाची नवी खालची टीम काढली आणि पोरं उचलून नेली. हर्शीने कोलोरॅडोशी घरोबा केला, पहिल्याच सीझनला वाटेत त्याच फँटम्सना सात मॅचच्या सिरीजमध्ये हरवलं आणि वर कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचा कप, घेऊन घरी आले. म्हणजे एकाच वर्षात जवळजवळ अख्खी टीम बदलली आणि तरी जिंकले. १९४० च्या दशकापासून आजवर एक दशक असं नाही की ज्यात हर्शीने कप नेला नाही. खेळाडू बदलले, वरची टीम बदलली, लीगमधल्या बाकीच्या टीम बदलल्या, न बदललेलं काय ते शोधायला नको का?

एक उत्तर माणसाच्या नावाचं आहे, फ्रँक मॅथर्स. एनएचएलमध्ये टोरांटोकडून जेमतेम २३ मॅच खेळलेला डिफेन्समन. १९५६ मध्ये हर्शीला आला खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून, १९६२ पर्यंत स्वतः खेळला, १९७३ पर्यंत कोच, त्यानंतर ऑफिसात बसून १९९१ पर्यंत टीम चालवली. पस्तीस वर्षं! तेरापैकी सहा कप त्याच्या काळातले. १९८८ ला तर प्लेऑफमध्ये बारापैकी बारा मॅच जिंकले, एकही न हरता. १९९२ मध्ये त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, म्हणजे ज्या माणसाला वरच्या लीगने खेळाडू म्हणून फारसं विचारलं नाही त्याला खालच्या लीगमधल्या कामासाठी तिथे बसवलं. तुमच्या "दुय्यम"ला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. मॅथर्सच्या हाताखाली माइक नायकोलुक चौदा सीझन खेळला, पुढे फिलाडेल्फियाला असिस्टंट कोच झाला, हर्शीत त्याचा ८ नंबर आता कुणाला देत नाहीत. क्रिस बुर्कचा १७ नंबरही तसाच राखलेला. त्याचा बाप रे बुर्क हॉल ऑफ फेममधला, पोरगा एनएचएलमध्ये पन्नासच्या आसपास मॅचपुरता, पण हर्शीत तीन कप आणि २०१० च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू. बापाच्या नावाखाली दबला असता, इथे स्वतःच्या नावाने राहिला.

आणि वरच्या लीगमध्ये पोचणारेही सगळे सरळ उडी मारून जात नाहीत. जे बीगल घ्या. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात तेव्हा, त्याला कुणीच निवडला नव्हता. एएचएलच्याही खालच्या ईसीएचएल लीगमध्ये आयडाहोकडून २००७ ला तिथला केली कप, हर्शीत २००९ आणि २०१० ला कॅल्डर कप, आणि २०१८ ला वॉशिंग्टनकडून एनएचएलचा स्टॅनले कप. तिन्ही पायऱ्यांवरचे कप जिंकणारा तो पहिलाच. उलट बाजूला माइक वेकियोनी, २०२३ ची फायनल. हर्शी पहिल्या दोन मॅच ५-० आणि ४-० अशी सपाटून हरली, कोचेला व्हॅलीवाल्यांनी कप जवळजवळ पॉलिश करून ठेवला असेल, मग सातव्या मॅचला ०-२ वरून बरोबरी, ओव्हरटाइम, आणि गोल कुणाचा तर तीस वर्षांच्या वेकियोनीचा, ज्याच्या नावावर एनएचएलच्या तेव्हा दोनच मॅच होत्या. त्याच्यासाठी तो गोल दुय्यम होता असं त्याला तोंडावर सांगायला जाणार का तुम्ही? पुढच्या वर्षी, २०२४ ला, त्याच टीमला पुन्हा हरवून कप राखला तो वेगळाच.

तुम्ही लिहिलंय की लिहायचंच तर एनएचएलच्या पिट्सबर्ग पेंग्विन्सवर लिहा, बफेलो सेबर्सवर लिहा. बरं, पेंग्विन्सच्या आधी पिट्सबर्गमध्ये काय होतं? हॉर्नेट्स नावाची एएचएलची टीम. १९६७ मध्ये त्यांनी कॅल्डर कप जिंकला आणि त्याच वर्षी टीम बंद, कारण शहरात एनएचएल आली. बफेलो बायसन्सचंही तेच, १९७० ला कप जिंकला आणि दुकान बंद, कारण सेबर्स आले. जिंकून बंद पडलेत हो, हरून नाही. खालच्या लीगच्या टीमचं मरण असं असतं, एक तर शहर मोठं झालं की वरची लीग येऊन तिला गिळते, नाहीतर मालकाला दुसऱ्या गावात बरा भाव मिळतो आणि तो टीम उचलून नेतो. हर्शीला यातलं काहीच लागू नाही. चौदा हजारांच्या गावात एनएचएल कधीच येणार नाही, आणि टीम विकायला काढेल असा मालकही नाही. १९३८ पासून ही टीम त्याच लीगमध्ये त्याच नावाने त्याच गावात आहे, आणि लीगमधली बाकी कुठलीच टीम एवढी जुनी नाही. गावाचा छोटेपणाच तिला तारून गेला असं माझं मत, आणि ते मी मागे घेणार नाही.

मालकाचं म्हणाल तर इथे तुमचा तिसरा मुद्दा येतो आणि तो तुम्ही अगदी योग्य काढलात. मागचा लेख डिसेंबर १९३६ ला संपत होता, संप एप्रिल १९३७ चा, म्हणून त्यात तो नव्हता, आता लिहितो. मंदीतही कुणाला काढलं नाही म्हणून ज्या गावाचं कौतुक होत होतं तिथल्याच कारखान्यात कामगार २ एप्रिलला आत ठिय्या मारून बसले, भांडण मुख्यतः कामावरून कुणाला कधी बसवायचं, जुन्या माणसाला आधी मान आहे की नाही, यावरून. कारखाना बंद म्हणजे दूध घेणं बंद, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचं सगळं दूध तिथेच जायचं. ७ एप्रिलला हे शेतकरी आणि संपात नसलेले कामगार काठ्या घेऊन आत घुसले आणि संपकऱ्यांना बडवत बाहेर काढलं. स्टेडियम उघडून तेव्हा चारच महिने झाले होते. ज्याने राहायला घर दिलं, खेळायला बर्फ दिला, त्याच्याशी भांडायचं कसं, हा प्रश्न अशा गावात कायमचा असतो. आजही हर्शी कागदोपत्री शहर नाही, डेरी टाउनशिपचा भाग आहे, तिथे स्वतंत्र महापौर वगैरे नाही. आणि मिल्टन हर्शीने अनाथ मुलांसाठी १९०९ ला काढलेल्या शाळेच्या दस्तात मुलगा गोरा असला पाहिजे असं लिहिलेलं होतं, ती अट १९७० च्या सुमारास गेली, मुलींना त्यानंतरही काही वर्षांनी घेतलं. आरती ओवाळायची असती तर हे लिहिलंच नसतं.

पण त्याच दस्ताची दुसरी बाजू अशी की १९१८ मध्ये त्याने कंपनीतली आपली मालकी त्या शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकली. आज हॉकी टीम आणि बाजूचं अम्युझमेंट पार्क ज्या कंपनीचं आहे ती कंपनीही त्याच ट्रस्टची. म्हणून टीम विकायचा विषय येत नाही. आणि हे आपोआप टिकलेलं नाही बरं का, २००२ मध्ये ट्रस्टनेच चॉकलेट कंपनी विकायला काढली होती, रिगली ही च्युइंगम कंपनी घ्यायला तयार होती, साडेबारा अब्ज डॉलरच्या आसपास, तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं, राज्याचा अॅटर्नी जनरल कोर्टात गेला आणि ट्रस्टला माघार घ्यावी लागली. १९३७ ला मालकाच्या बाजूने काठ्या चालवणारं गाव ते २००२ ला मालकाच्याच विरोधात उभं राहिलेलं गाव, असा प्रवास आहे तो, नुसती गुलामी म्हणून सोडून देता येणार नाही. आणि योगायोग असा की त्याच वर्षी बेअर्स जुन्या स्टेडियममधून नव्या जायंट सेंटरमध्ये गेले, साडेदहा हजार खुर्च्या, म्हणजे गावातल्या चार माणसांमागे तीन.

राहता राहिले टेडी बेअर. वर्षातून एका मॅचला घरच्या टीमने पहिला गोल केला की प्रेक्षक बर्फावर मऊ खेळणी फेकतात, मग ती गोळा करून गरजू मुलांसाठीच्या संस्थांना वाटतात. आकडा २०१९ ला ४५,६५०, २०२४ ला ७४,५९९ आणि ५ जानेवारी २०२५ ला १,०२,३४३. साडेदहा हजार माणसांत भागून बघा, डोक्यामागे जवळजवळ दहा, म्हणजे लोक पोत्याने घेऊन येतात. तुम्हाला हा तमाशा वाटतो, वाटू दे, मलाही एका मर्यादेनंतर विक्रमाचीच हौस जास्त दिसते. पण मॅच मध्येच थांबवून खेळाडू स्वतः बर्फावरून अस्वलं उचलत फिरतायत हे वरच्या लीगमध्ये बघायला मिळणार नाही, तिथे टीव्हीचं वेळापत्रक आडवं येतं.

मॅथर्सवर स्वतंत्र लिहायचं मनात आहे. तुम्ही पिट्सबर्गला राहता असं कमेंटवरून वाटतंय, तर हॉर्नेट्सच्या शेवटच्या सीझनबद्दल तिथल्या जुन्या लोकांकडून काही ऐकलं असेल तर खाली टाका, भांडण नंतर करू.