ॲबसिंथ पेटवायची नसते

ॲबसिंथ या वनस्पतींपासून बनणाऱ्या कडक युरोपीय मद्याबद्दलचा एकच मजकूर महिन्याभरात मला चार जणांनी पाठवला. थोडक्यात तो असा: ‘ॲबसिंथ प्यायली की भास होतात, हिरवी परी दिसते. तिच्यात थुजोन नावाचं गांजासारखं द्रव्य असतं. तिच्यापायी चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला, एकाने बायको-मुलींना गोळ्या घातल्या, म्हणून युरोपने तिच्यावर बंदी घातली. खरी ॲबसिंथ आता मिळत नाही. मिळालीच, तर साखरेचा खडा तीत बुडवून पेटवायचा, हीच अस्सल फ्रेंच पद्धत.’

मी पूर्व फ्रान्समध्ये बेझाँसोंला राहते. ॲबसिंथचं माहेर म्हणजे स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातलं कुव्हे गाव, आणि सासर म्हणजे सीमेच्या अलीकडचं पोंतार्लिए. आन्री-लुई पेर्नोने 1805 मध्ये तिथे भट्टी घातली. हे गाव माझ्या घरापासून तासाभरावर आहे आणि तिथली ॲबसिंथ मी बरीच वर्षं, थोडी थोडी, मन लावून चाखत आले आहे. त्या मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे. वाईट याचं वाटतं की त्यामुळे लोक ती चाखायचंच विसरतात. एकेक मुद्दा घेते.

आधी थुजोन. ॲबसिंथ ज्या कडू वनस्पतीपासून बनते तिला युनानी वैद्यकात अफसंतीन म्हणतात. ती आपल्या दवण्याच्याच कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा हातात चुरगळून पाहा, या कुळाच्या सुगंधाची कल्पना येईल. अफसंतीनमध्ये थुजोन असतं हे खरं. पण स्वयंपाकात वापरतात त्या सेजच्या पानांतही ते असतं. ‘गांजासारखं’ हा शब्द आला 1975 मधल्या एका अंदाजावरून. दोन रेणूंचा आकार थोडाफार सारखा दिसतो, तेव्हा परिणामही सारखा असेल, असा तो तर्क होता. 1999 मध्ये प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा गांजाचं द्रव्य मेंदूत जिथे काम करतं तिथे थुजोन ते काम करत नाही, असं दिसलं. थुजोन फार मोठ्या मात्रेत पोटात गेलं तर मेंदूचा ब्रेक सुटतो आणि झटके येतात. परी दिसत नाही.

आता पेल्यात ते किती येतं ते पाहू. बंदीच्या आधीच्या, बूचही न उघडलेल्या 13 जुन्या बाटल्यांची तपासणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. लिटरमागे थुजोन निघालं सरासरी 25 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 48. आजच्या युरोपीय नियमात या कुळातल्या वनस्पतींच्या मद्यांना किलोमागे 35 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे 30 मिलिलिटरच्या एका मापात एक मिलिग्रॅमच्या आसपास. झटके येण्याइतकं थुजोन पोटात जाण्याच्या कितीतरी आधी माणूस नुसत्या अल्कोहोलने मरणाच्या दारात जाईल.

खरा धोका तिथेच आहे, आणि त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. पारंपरिक ॲबसिंथ 68 ते 72 टक्क्यांची असते. आपल्याकडची व्हिस्की 42.8. म्हणजे ॲबसिंथचं 30 मिलिलिटरचं एक माप व्हिस्कीच्या तेवढ्याच दीड मापाहून जड. ती नीट चाखायची असेल तर शॉटच्या ग्लासात ओतून ढोसायची नाही. भासांच्या शोधात निघालेली पोरं नेमकं तेच करतात.

मग ‘झटके’, ‘वेड’ हे सगळं आलं कुठून? 1860 च्या दशकात पॅरिसमधले मनोविकारतज्ज्ञ व्हालांताँ मान्याँ यांनी गिनीपिगांना अफसंतीनचं शुद्ध तेल दिलं. जनावरांना झटके आले, आणि त्यावरून माणसांच्या ‘ॲबसिंथ-वेडा’चं निदान उभं राहिलं. शुद्ध तेल आणि पेल्यातलं मद्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय त्या काळी गरिबांच्या गुत्त्यांत मिळणारी स्वस्त ॲबसिंथ वाईट मद्यार्काची असायची, तीत हिरव्या रंगासाठी तांब्याचे क्षार घातल्याच्या नोंदी आहेत. लोक आजारी पडत होते, यात शंका नाही. पण दोष वनस्पतीच्या माथी मारला गेला.

खुनाची गोष्ट खरी आहे आणि भयंकर आहे. 28 ऑगस्ट 1905 रोजी स्वित्झर्लंडमधल्या कोम्यूनी गावात जाँ लाँफ्रे या मजुराने आपल्या गर्भवती बायकोला आणि दोन लहान मुलींना ठार केलं. पण त्या दिवशी त्याच्या पोटात काय काय गेलं होतं? भरमसाट वाइन, कोन्याक, पुदिन्याचं मद्य, आणि दोन पेले ॲबसिंथ. वर्तमानपत्रांनी ते दोन पेले तेवढे उचलले. 1908 मध्ये स्विस जनतेने मतदानाने बंदी मंजूर केली, ती 1910 पासून लागू झाली. फ्रान्समध्ये 16 मार्च 1915 ला, महायुद्ध चालू असताना, कायदा झाला.

यात आणखी एक पदर आहे. फायलोक्सेरा नावाच्या किडीने 1860 नंतर फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते. वाइन महागली आणि लोक ॲबसिंथकडे वळले. मळे पुन्हा उभे राहिले तेव्हा गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. दारूबंदीवाल्यांच्या शेजारी वाइनचे उत्पादकही ॲबसिंथच्या विरोधात उभे राहिले. वाइनवर मात्र बंदी आली नाही. बंदी आली म्हणजे विष होतं, हा तर्क इथे टिकत नाही.

व्हॅन गॉगबद्दल एवढंच: 1888 च्या डिसेंबरात आर्लमध्ये कान कापला तेव्हा तो आजारी होता, आणि त्याला नेमका कोणता आजार होता यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही. एका माणसाच्या एवढ्या यातनेचं कारण एका बाटलीत कोंबू नये.

‘खरी आता मिळत नाही’ हेही खोटं. व्हाल-द-त्राव्हेरमध्ये बंदीच्या काळातही ती चोरून गाळली जात होती, रंग न दिलेली, पाण्यासारखी पारदर्शक. स्वित्झर्लंडने 2005 मध्ये बंदी उठवली, फ्रान्सने 1915 चा कायदा 2011 मध्ये रद्द केला. पोंतार्लिएत आज पुन्हा गाळप चालतं.

राहिला आगीचा मुद्दा, आणि माझा सगळ्यात जास्त जीव इथेच जळतो. साखर पेटवण्याचा प्रकार फ्रेंच नाही, जुनाही नाही. 1990 च्या दशकात तो प्रागमधून पसरला. तिथल्या बऱ्याच बाटल्यांत बडीशेपेच्या जातीचं काही नसायचंच, त्यामुळे पाणी घातल्यावर पेल्यात काही घडायचं नाही. गिऱ्हाइकाला दाखवायला मग आग आली. 70 टक्क्यांचं मद्य पेल्यातच पेट घेऊ शकतं, काच तडकू शकते, आणि जळक्या साखरेच्या वासाखाली सगळ्या वनस्पती गाडल्या जातात.

खरी रीत पाण्याची. पेल्यात 30 मिलिलिटर. वर जाळीचा चपटा चमचा, त्यावर हवा तर साखरेचा एक खडा. मी बहुतेक वेळा घालत नाही, कारण अफसंतीनचा जहरी कडूपणा वाफेबरोबर वर येत नाही, तो भट्टीच्या तळाशीच राहतो. आधी पाण्याशिवाय नाक न्यायचं. मद्यार्क नाकात चढतो, त्याच्या मागे काहीतरी हिरवं, मिटलेलं असतं. मग बर्फासारखं थंड पाणी, थेंब थेंब. पहिले थेंब नुसते बुडतात. मग तळाशी धुरासारख्या रेघा उठतात, तेलकट वळणं घेतात, आणि दुधी थर हळूहळू वर चढत जातो. वर हिरव्याची एक बारीक कड उरते, शेवटी तीही विरते. बडीशेपेच्या आणि तिच्यासारख्याच वासाच्या अॅनिस या बियांच्या तेलातलं ॲनेथोल हे द्रव्य मद्यार्कात विरघळतं, पाण्यात विरघळत नाही, म्हणून हे घडतं. चांगल्या ॲबसिंथचा दुधाळपणा उजेडात धरला की ओपल रत्नासारखा दिसतो, कालवलेल्या चुन्यासारखा मेलेला पांढरा नसतो.

एका मापाला तीन ते पाच मापं पाणी. पाच घातलं तर पेला साधारण 11-12 टक्क्यांवर येतो, म्हणजे वाइनच्या जवळपास. आता पुन्हा नाक न्या. मघाशी मिटलेलं सगळं उघडलेलं असतं. आधी बडीशेप, मग डोंगरावरच्या वाळल्या गवतासारखा अफसंतीनचा वास, पाठोपाठ लिंबाची चाहूल, ती लेमन बाम या वनस्पतीची. घोट घेतल्यावर जीभ बधिर झाली तर अॅनिस जास्त पडलाय असं समजा. चांगल्या पेल्यात गोडसर चव सरता सरता घशाशी एक स्वच्छ, बारीक कडवटपणा येतो आणि रेंगाळतो.

या वासाची ताकद सांगते. 11 ऑगस्ट 1901 रोजी पोंतार्लिएच्या पेर्नो कारखान्यावर वीज पडून आग लागली. स्फोट टाळायला एका कामगाराने टाक्यांचे नळ उघडले आणि ॲबसिंथ दू नदीत वाहू दिली. दोन-एक दिवसांनी डोंगरापलीकडे, लू नदीच्या उगमाशी अॅनिसचा वास येऊ लागला. दूचं पाणी जमिनीखालून लूला मिळतं हे लोकांना असं कळलं.

पुण्याचा माझा मावसभाऊ तो मजकूर वाचून युरोपच्या सहलीतून एक भडक हिरवी बाटली घेऊन आला होता. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “ताई, लायटर घेऊन बसलोय.” मी म्हटलं, “तो आधी खाली ठेव. एक झाकण ग्लासात ओत आणि गार पाणी सोड. काय दिसतंय?”

“हिरवं पाणी. सरबतासारखं.”

“बडीशेपेचा वास?”

“नाही गं. टूथपेस्टचा येतोय.”

पुढच्या खेपेला मी पोंतार्लिएची छोटी बाटली नेली. जाळीचा चमचा नव्हता, तेव्हा साध्या चमच्यानेच गार पाणी थेंब थेंब सोडलं. तो ढवळायला गेला, मी हात धरला. तळाशी पहिली रेघ उठली, पेला अर्धा दुधी झाला, आणि स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, “अगं, बडीशेप कोण कुटतंय?”